फक्कीनं आखलेलं नाट्यगृह : एका वर्धापनदिनाचा प्रकरण अभ्यास

१४ ऑक्टोबर हा कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाचा वाढदिवस. १९१५ साली याच तारखेला राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं ‘पॅलेस थिएटर’ रसिकांसाठी खुलं झालं. २०२४ साली ही तारीख आली तेव्हा वास्तूला १०९ वर्षं पुरी होत होती आणि तिच्यावर छप्पर नव्हतं. अशा नाट्यगृहाचा वर्धापनदिन करायचा का, आणि करायचा तर कसा, हा प्रश्न आमच्या लहानशा हौशी नाट्यसंस्थेपुढे आला. आम्ही काय ठरवलं, कुठं चुकलो आणि शेवटी हाताला काय लागलं, ते सविस्तर मांडतो. गावोगावची नाट्यगृहं, वाचनालयं, कलामंदिरं आपापले वर्धापनदिन करत असतात. त्यांतल्या कुणाला यातलं काही उचलता आलं तर बरं वाटेल.

आग लागली ८ ऑगस्टच्या रात्री. मी जेवून उठत होतो. पहिला फोन आला तो ग्रुपमधल्या पोराचा, आणि त्याला नीट बोलताच येत नव्हतं. खासबागच्या बाजूनं पोचलो तेव्हा ज्वाळा छपरापर्यंत गेल्या होत्या. लाकूड, कापडी पडदे, खुर्च्यांचा फोम, वायरी, रंग... नाटकाला जे जे लागतं ते सगळं जळणारंच असतं, हे मी प्रकाशयोजना करणारा माणूस म्हणून इतकी वर्षं जाणून होतो. ते डोळ्यांनी पाहणं वेगळं. छप्पर खाली आलं. दगडी भिंती आणि पुढचा दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. उजाडलं ते ९ ऑगस्टला, म्हणजे ज्यांचं नाव या नाट्यगृहाला आहे त्या केशवरावांच्या जयंतीच्या दिवशी. जयंतीसाठी आम्ही आदल्या दिवशी घेऊन ठेवलेला हार तसाच पिशवीत घेऊन फाटकापाशी उभे होतो. तो कुठं घालायचा हे कुणालाच कळेना.

केशवराव कोल्हापूरचेच, जन्म १८९०चा. कोवळ्या वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले आणि तिथं त्यांची ‘शारदा’ची भूमिका गाजली. १ जानेवारी १९०८ला त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली, तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन नायक एका रंगमंचावर, एका कामासाठी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय फक्त ३१. पॅलेस थिएटरला त्यांचं नाव मिळालं १९५७ साली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं जे घडलं त्याचं मूळ तिच्यात आहे. नाट्यगृहाला लागूनच खासबागचं कुस्ती मैदान आहे. ते १९१२चं, म्हणजे नाट्यगृहाच्या तीन वर्षं आधीचं. १९०२ साली महाराज युरोपला गेले, रोमचं जुनं रिंगण त्यांच्या मनात भरलं आणि त्यातून खासबाग झालं, असं इथं प्रत्येक घरात सांगतात. मैदान आणि थिएटर शेजारी शेजारी बांधणारा राजा मी दुसरा ऐकलेला नाही. आमच्या भाषेत तर दोन्हींना शब्दही एकच आहे : तालीम. पैलवान घुमतो ती तालीम आणि नट घोकतो तीही तालीमच. दोन्हीकडे घाम गाळायचा, दोन्हीकडे वस्ताद असतो, दोन्हीकडे शेवटी लोकांसमोर उभं राहायचं. कोल्हापुरात कला ही बसून बघायची चीज कधीच नव्हती, ती अंगमेहनतीची गोष्ट होती. माझ्या मते महाराजांनी ते दगडात बांधून ठेवलं.

सुतक की वाढदिवस

सप्टेंबरच्या शेवटी आमची बैठक झाली. आम्ही अकराजण. तिघं नोकरदार, दोघं दुकानदार, एक शिक्षिका, बाकी कॉलेजची पोरं. त्याशिवाय दोन मोठी माणसं मुद्दाम बोलावली होती. एक आमचे मामा. हयातभर त्यांनी सेट लावले आणि उतरवले. कोल्हापुरात कुठल्याही नाटकाचा टेम्पो आला की पहिला हात त्यांचा लागायचा. दुसऱ्या एक ताई, तरुणपणी संगीत नाटकात काम केलेल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या.

पहिलं मत असं आलं की यंदा काहीच करू नये. घरात एवढं झालंय, सुतक असताना वाढदिवस कोण करतं? बहुतेकांच्या माना हलल्या. मलाही ते पटत होतं. दुसरं मत होतं श्रद्धांजली सभेचं : जुने फोटो लावायचे, मेणबत्त्या, चार मान्यवरांची भाषणं. तिसरं मत पोरांचं. दुसरं सभागृह घेऊ, मोठा कलाकार बोलावू, तिकीट लावू आणि पैसे पुनर्बांधणीला देऊ.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सुतक मेलेल्याचं असतं. हे मेलंय असं कोण म्हणालं? घरातलं माणूस भाजून दवाखान्यात पडलं, तर आपण फोटोला हार घालतो का? उशाशी बसून बोलत राहतो त्याच्याशी.”

त्यावर कुणी काही बोललं नाही. श्रद्धांजलीचा विचार तिथंच संपला.

मोठ्या कार्यक्रमाचं मत मात्र लगेच मागे पडलं नाही, आणि त्यात तथ्यही होतं. पण शासनानं पुनर्बांधणीची घोषणा आधीच केली होती. आमच्या तिकिटांतून जमणाऱ्या काही हजारांनी छपराचा एक पत्राही चढला नसता. मग अकराजणांनी राबायचं कशासाठी? असं काय आहे जे ठेकेदाराकडं नाही, वास्तुविशारदाकडं नाही आणि आपल्याकडं आहे? या प्रश्नानं सगळी बैठक फिरली. उत्तर मामांच्या तोंडून अगदी सहज आलं. ते म्हणाले, “भिंत कुठं होती ते कागदावर असंल की. पण त्या भिंतीशी वळायचं कसं, ते आमच्या खांद्याला म्हाईत.”

तिथून ठरलं. वर्धापनदिनाला नाट्यगृहाची स्तुती करायची नाही. त्याच्यात ज्यांनी काम केलं, त्यांच्या अंगात ते जेवढं शिल्लक आहे तेवढं बाहेर काढायचं आणि लिहून ठेवायचं.

आखणी

आधी फाटकासमोरच जमायचा विचार होता. परवानगी मिळाली नाही. आत राडारोडा होता, रस्ता वाहता होता, आणि गर्दी झाली तर जबाबदारी कुणाची, असं विचारलं गेलं. त्या दिवशी राग आला, पण विचार करता ते बरोबरच होतं. जखमी वास्तूच्या तोंडाशी म्हाताऱ्या माणसांना तासभर उभं करणं शहाणपणाचं नव्हतं. म्हणून दोन भाग केले. सकाळी आम्ही सहाजणांनी फाटकापाशी जायचं, नारळ वाढवायचा आणि परत यायचं. संध्याकाळी जवळच्या एका शाळेच्या पटांगणात सगळ्यांनी जमायचं.

कबड्डीचं मैदान आखतात त्या पांढऱ्या फक्कीनं पटांगणावर नाट्यगृह आखायचं, खऱ्या मापात, ही कल्पना आमच्यातल्या शिक्षिका मॅडमची. सगळं मावणार नव्हतं. रंगमंच, दोन्ही बाजूंच्या विंगा, मागचा भाग आणि प्रेक्षकांच्या पुढच्या काही रांगा, एवढंच घेतलं. माझ्याकडं राज्य नाट्य स्पर्धेच्या आमच्या जुन्या प्रयोगांचे लाइट प्लॉट होते, आलेख कागदावर काढलेले. कुठला स्पॉट कुठल्या बारवर, नटाची जागा किती फुटांवर, हे त्यात असतं. त्यावरून रंगमंचाची रुंदी आणि खोली मिळाली. विंगांचं माप मात्र कुठंच नव्हतं. विंगेवर कुणी प्रकाश टाकत नाही.

माइक लावायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. परवानगीची कटकट वाचली हे खरं, पण कारण वेगळं होतं. हे नाट्यगृह मधे एकही खांब नसलेलं आणि बिनमाइकच्या आवाजाचं होतं. रंगमंचाखाली विहीर खणून ठेवली होती आणि तिच्यामुळं आवाज घुमून मागच्या रांगेपर्यंत जायचा, असं जुनी माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. त्याच्या वाढदिवसाला कर्णे लावायचे, हे मनाला पटेना.

बोलणाऱ्यांसाठी नियम एकच होता : “आपण इथं कुठं असायचा तिथं जाऊन उभे राहा आणि काय काम करायचा ते सांगा.” व्यासपीठ नाही, सत्कार नाहीत, शाली नाहीत, दीपप्रज्वलन नाही. कोल्हापुरात शाल-श्रीफळाशिवाय कार्यक्रम म्हणजे अनेकांना अपमानच वाटतो. त्यामुळं ज्येष्ठांच्या घरी जाऊन आधीच समजावून सांगावं लागलं. दोघं तरीही आले नाहीत.

ती संध्याकाळ

सोमवार होता, दसरा होऊन दोन दिवस झालेले. तीन वाजता फक्कीची पोती आणि सुतळी घेऊन आम्ही पटांगणात उतरलो. मी कागद धरून माप सांगत होतो, पोरं रेघ मारत होती. साडेचारला मामा आले. चप्पल बाहेर काढून आत आले, आणि मी आखलेल्या उजव्या विंगेपाशी थबकले.

“आरं, विंग हितं संपत न्हाई.”

मी म्हटलं, “मामा, अंदाजानं धरलीय.”

ते काही बोलले नाहीत. वाकले, दोन्ही हात पसरून काहीतरी उचलल्यासारखं केलं, एक न दिसणारी लेव्हल, म्हणजे सेटमधला लाकडी चौथरा, दोघांनी धरायचा. आणि मागं मागं चालायला लागले. चार पावलं. मग डावा खांदा आत घेतला, कंबर वळवली, अर्धं पाऊल तिरकं टाकलं आणि थांबले. “हितं भिंत.” पोरानं तिथं फक्की टाकली. माझ्या रेघेपेक्षा ती जागा हातभर आत होती. मामांनी डोळे मिटलेले होते. दुसऱ्या बाजूलाही त्यांनी तसंच केलं, आणि नंतर मी मोजलं तर दोन्ही बाजू बोटभराच्या फरकानं सारख्या भरल्या.

सहा वाजता लोक यायला लागले. आम्ही साठ-सत्तर माणसं धरली होती, त्याच्या दुपटीहून जास्त आली. रेघा बघून सुरुवातीला सगळे कडेनं उभे राहिले. कुणी आत पाऊल टाकेना. रंगमंचावर चप्पल घालून जायचं नसतं, ही सवय फक्कीच्या रेघेलाही लागू झाली. बाहेर चपलांचा ढीग झाला. ताई पहिल्यांदा आत गेल्या. खाली वाकून त्यांनी मातीला हात लावला, तो कपाळाला लावला, मधोमध उभ्या राहिल्या आणि नांदी म्हटली. आवाज थरथरत होता. शेवटच्या माणसाला ऐकू गेली असेल असं वाटत नाही, पण सगळे हलायचे थांबले होते.

मग एकेकजण आपापल्या जागी गेला. दारावर तिकिटं फाडणारे एक काका प्रवेशाच्या रेघेवर उभे राहिले. म्हणाले, पडदा उघडल्यावर येणाऱ्याला अंधारात बॅटरी खाली धरून न्यायचं, उजेड कधी गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर रंगमंचावरच्या नटाचं लक्ष जातं. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. एका नटानं मध्यंतरात येऊन हात जोडून विनंती केली होती, तेव्हापासूनचा नियम.

बाहेर चहा विकणारा एकजण आला. त्याची जागा आखणीत नव्हतीच, म्हणून तो रेघांच्या बाहेर उभा राहून बोलला. मध्यंतराच्या आधी जी टाळी पडते ती भिंतीपलीकडून ऐकायची आणि त्यावरून आधण टाकायचं. टाळी लांबली की चहा जास्त, कारण नाटक रंगलं की लोक बाहेर येऊन बोलत उभे राहतात. टाळी आखूड पडली की निम्मं दूध परत न्यायची तयारी ठेवायची. नाटकाचं इतकं खरं परीक्षण मी कुठल्या पेपरात वाचलेलं नाही.

एक वयस्कर पैलवान मुद्दाम आले होते. फेटा, पांढरा सदरा. ते शेवटच्या रांगेत जाऊन मांडी घालून बसले. “मी हितं असायचो,” म्हणाले. दिवसा शेजारच्या मैदानात कुस्ती, रात्री नाटक. पायाची तांबडी माती धुऊन यायचे तरी नखांत राहायची, आणि खुर्चीखाली पाय लपवून बसायचे. एकदा शेजारी बसलेल्या मास्तरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, लपवतोस कशाला, दोन्ही एकाच महाराजांची लेकरं. हे सांगताना पैलवानांचा आवाज बसला. मग त्यांनी विषय बदलून मैदानात हलगी वाजली की नाटकवाले कसे वैतागायचे ते सांगितलं, आणि सगळे मोकळेपणानं हसले.

जे चुकलं

सगळं छान झालं असं लिहिलं तर या लेखाचा उपयोग नाही.

पहिली चूक मोठी होती. आम्ही रंगमंच आखला, विंगा आखल्या, पण स्त्री कलाकारांची रंगपटाची खोली आखलीच नाही. ताईंच्या बरोबरीच्या एक बाई आल्या होत्या. त्या बराच वेळ इकडून तिकडे फिरत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, “अहो, मी उभी कुठं राहू?” मला उत्तर देता आलं नाही. आखणी करणारे आम्ही सगळे पुरुष. मॅडमची कल्पना असूनही त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत त्या पोचू शकल्या नव्हत्या. मग त्या बाईंनीच फक्कीचं भांडं हातात घेतलं आणि खोली आखली. तिथून पुढचा अर्धा तास तीन बायका त्या चौकोनात उभ्या राहून बोलत होत्या. नऊवारीचा काष्टा कुणी कुणाचा बांधायचा, तान्ह्या बाळाला कुठल्या कोपऱ्यात झोपवून एंट्री घ्यायची, बाळ रडलं तर पुढची एंट्री असलेली मैत्रीण त्याला मांडीवर कसं घ्यायची. संध्याकाळचा सर्वांत मोलाचा भाग हाच होता, आणि तो आमच्या नियोजनात नव्हता.

दुसरी चूक तांत्रिक. ध्वनिमुद्रण एकाच मोबाइलवर चाललं होतं आणि त्याची मेमरी मधेच भरली. नेमकं त्या बायकांचं बोलणं सुरू झालं तेव्हा. मॅडम तोवर आल्या होत्या. त्यांनी वहीत हातानं उतरवून घेतलं म्हणून थोडं तरी वाचलं. असा कार्यक्रम करणाऱ्यांनी दोन उपकरणं आणि एक लिहिणारा माणूस ठेवावाच. लिहिणारा माणूस जास्त महत्त्वाचा, कारण तो “म्हणजे नक्की कुठं?” असं विचारू शकतो.

तिसरी गोष्ट चूक म्हणावी की नाही ते मला ठरवता येत नाही. एका पाहुण्यांनी नियम मोडून पंधरा-वीस मिनिटं भाषण केलं. त्यांना थांबवायचं धाडस कुणाला झालं नाही. लोक उठले नाहीत, पण जागेवरून हलले. आपापल्या रेघा सोडून कडेला गेले. पुन्हा आत यायला वेळ लागला.

आणि एक गोष्ट आधी सुचायला हवी होती. आमची कॉलेजची पोरं. त्यांच्यातल्या एकाचा त्या वर्षी पहिलाच प्रयोग होता. त्यानं केशवरावच्या रंगमंचावर अजून एकदाही पाय ठेवलेला नव्हता, आणि आता ठेवायला रंगमंचच नव्हता. सगळे आपापल्या जागी जाऊन उभे राहत होते तेव्हा तो फक्कीचं रिकामं पोतं घेऊन कडेला उभा होता. त्याला जागा नव्हती, कारण आम्ही “आपण कुठं असायचा” असा भूतकाळातला प्रश्न विचारला होता. हे मामांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला दंडाला धरून डाव्या विंगेत नेलं, उभं केलं आणि सांगितलं, “तू हितनं यायचं. यायच्या आधी विंगेला हात लावायचा, पडद्याला न्हाई. पडदा हलतो.” पोरानं हवेला हात लावला आणि एंट्री घेतली. बसवत असलेल्या नाटकातलं एक वाक्य म्हटलं. मागून पैलवान ओरडले, “ऐकू आलं न्हाई!” त्यानं पुन्हा म्हटलं, पोटातून. या वेळी आलं.

वही

रात्री साडेनऊला सगळे गेल्यावर आम्ही वही उघडली. त्यात प्रेक्षक कमी आणि काम करणारे जास्त होते. सेट उतरवणारे, कपडेवाले, दारावरचे, चहावाला, स्पॉटवाला, रंगपटातल्या बायका. पुनर्बांधणी करणाऱ्यांना यातून काय देता येईल ते वेगळं काढलं : बायकांच्या रंगपटात बाळाला निजवायला जागा हवी, विंगेत दोन माणसं लेव्हल धरून वळू शकतील एवढी रुंदी हवी, दारावरच्या माणसाला आतलं दिसेल असा झरोका हवा, मूळचा बिनमाइकचा आवाज टिकेल याची काळजी आधी घ्यावी आणि यंत्रणा मग बसवावी. या सूचना टाइप करून आम्ही संबंधितांकडे दिल्या. त्या किती उतरतील ते त्यांच्या हातात आहे. वहीची एक प्रत आमच्याकडं आहे आणि तीत भर पडते आहे, कारण त्या संध्याकाळी न आलेली माणसं आता स्वतःहून फोन करतात. शाल नाही म्हणून न आलेल्या दोघांपैकी एकजणही.

खर्च म्हणाल तर फक्की, सुतळी, चहा आणि म्हाताऱ्या माणसांसाठी भाड्याच्या खुर्च्या. अकराजणांनी वर्गणी काढली, त्यात भागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पटांगण झाडून द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून सातच्या आधी गेलो. मामा आधीच आले होते. रात्रभर झोप लागली नाही म्हणाले. मागच्या भिंतीपासूनचं अंतर चुकलं होतं, घरी पडल्या पडल्या आठवलं. त्यांनी सुतळीचं एक टोक स्वतः धरलं होतं आणि दुसरं त्या पोराच्या हातात दिलं होतं. त्याला कुणी बोलावलं होतं कोण जाणे. मामा पायानं जुनी रेघ पुसत मागं सरकत होते आणि पोराला सांगत होते, “ताण. अजून ताण. ढिली सोडू नको.” मी झाडू भिंतीला टेकवला आणि वही उघडली.